चेहऱ्यावरचा दाब आणि ठणका : दर वेळी सायनसच असतो का?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एका दुखण्याने बेजार आहे आणि त्याचे नेमके कारण अद्याप कळलेले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. माझे वय ४१ आहे. मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे आणि तेथील हिशेबाचे काम मी पाहते. त्यामुळे नवी हळद येऊ लागली की हंगाम संपेपर्यंत दिवसाचे सात-आठ तास मी हळदीच्या धुळीत असते.

दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी आणि दोन्ही गालांवर कोणीतरी अंगठ्यांनी दाबून धरल्यासारखे वाटते आणि खाली वाकले की ते वाढते. बहुतेक दिवशी हा दाब हलका असतो आणि कामे होतात. परंतु महिन्यातून दोन-तीन वेळा असे होते की उजव्या भुवईपासून गालापर्यंत ठणके बसू लागतात, नाक चोंदते, नाकातून पाणी गळते आणि एक-दोन दिवस अंथरूण सोडवत नाही. याशिवाय उजवीकडची वरची एक दाढ गार पाण्याने दुखते आणि सकाळी उठल्यावर जबडा आखडल्यासारखा वाटतो.

आतापर्यंत अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत बरे वाटले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले. एक्स-रेमध्ये सायनसचे अस्तर जाड दिसते असे लिहून आले, नाकाचे हाड वाढले आहे असेही सांगण्यात आले, आणि आता शस्त्रक्रियेचा विषय निघाला आहे. रात्री श्वास घेता यावा म्हणून नाक मोकळे करणारे थेंब मी चार महिन्यांपासून रोज घालते, आणि डोकेदुखीची गोळी आठवड्यातून चार दिवस तरी घ्यावीच लागते.

चेहरा दुखण्याची आणि जड होण्याची नेहमीची कारणे कोणती, ती एकमेकांपासून वेगळी कशी ओळखायची, आणि शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी मी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अजिंक्यताऱ्याचा शेजारी, सातारा

ताई, मी डॉक्टर नाही, ६८ वर्षांचा निवृत्त माणूस आहे. तुमचे दुखणे आणि माझे दुखणे वेगळे आहे हे वाचतानाच लक्षात आले, तरी माझा अनुभव लिहितो, कारण तुमच्या पत्रात दाढेचा उल्लेख आहे आणि माझी सारी चूक दाढेपासूनच सुरू झाली.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना उजव्या गालावर वस्तरा फिरला आणि विजेचा झटका बसावा तशी कळ गालातून वरच्या दातांत गेली. ती काही सेकंदच टिकली, पण हातातला वस्तरा खाली पडला. पुढे दात घासताना, चूळ भरताना, घास चावताना, इतकेच काय, पोवई नाक्यावरून दुचाकीने जाताना गार वारा गालावर लागला तरी ती कळ येऊ लागली. दोन झटक्यांच्या मधल्या वेळात मात्र काहीच दुखत नसे. मी दाढ किडली असणार असे धरून चाललो आणि स्वतः आग्रह करून एक दाढ काढून घेतली. कळ थांबली नाही, म्हणून दोन महिन्यांनी शेजारची दाढही काढली. दोन्ही दाढा चांगल्या होत्या, हे नंतर कळले.

अखेर पुण्यातील मेंदूरोगतज्ज्ञांनी माझे बोलणे दहा मिनिटे ऐकून घेतले आणि चेहऱ्याच्या नसेचा आजार, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, असे निदान केले. एम.आर.आय. केल्यावर मेंदूच्या तळाशी एक रक्तवाहिनी त्या नसेला चिकटून तिच्यावर दाब देत असल्याचे दिसले. कार्बामाझेपिन या गोळीने पहिल्याच आठवड्यात फरक पडला. सुरुवातीला चक्कर येत असे, म्हणून मात्रा हळूहळू वाढवली, आणि रक्तातील पेशी व सोडियम यांची तपासणी आजही ठरावीक काळाने करावी लागते. गोळी लागू पडेनाशी झाली तर ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया करता येते, असेही मला सांगण्यात आले आहे.

या आजाराचे वर्णन इंग्लंडमधील डॉक्टर जॉन फोदरगिल यांनी १७७३ साली केले होते, त्या काळी कोणतेच यंत्र नव्हते, केवळ रुग्णाचे बोलणे होते. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो की कळ कशी येते, किती सेकंद किंवा किती तास टिकते आणि कशाने सुरू होते, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. आणि दंतवैद्यांनी कारण दाखवल्याशिवाय दाढ काढून घेऊ नका.

वैद्यकनगरी, मिरज

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. काकांनी अगदी नेमके लिहिले आहे. ताई, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, म्हणून पुढचे सारे विवेचन विचार कोणत्या दिशेने करावा एवढ्यापुरतेच समजावे.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूची संवेदना मुख्यतः एकाच मोठ्या नसेमार्फत मेंदूकडे जाते. तिच्या तीन शाखा आहेत: पहिली कपाळ आणि डोळ्याची, दुसरी गाल, नाकाची बाजू आणि वरच्या दातांची, तिसरी खालच्या जबड्याची. सायनसचे अस्तर, दाढेचे मूळ, जबड्याचा सांधा आणि मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्या या सर्वांचे दुखणे याच नसेच्या वाटेने पोहोचते, आणि म्हणून गालावर बोट ठेवून हे सायनस आहे असे सांगणे म्हणजे दारावरची थाप ऐकून बाहेर कोण उभे आहे ते सांगण्यासारखे आहे. दुखण्याच्या जागेपेक्षा त्याचे वेळापत्रक आणि त्याच्यासोबत येणारी लक्षणे अधिक बोलकी असतात.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधील हवेच्या पोकळ्या. सर्दीत त्यांची तोंडे सुजून बंद होतात, आत स्राव साठतो आणि दाब जाणवतो: गालातील पोकळी असेल तर गालात आणि वरच्या दातांत, कपाळातील असेल तर भुवईच्या वर, डोळ्यांच्या मधल्या असतील तर नाकाच्या मुळाशी, आणि सर्वांत मागची असेल तर डोळ्यांच्या मागे किंवा डोक्याच्या माथ्यावर. बहुतेक वेळा हे विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. प्रौढांच्या अशा सर्दींपैकी जेमतेम अर्धा ते दोन टक्के प्रकरणांत जिवाणूंचा संसर्ग होतो. तो ओळखण्याच्या खुणा तीन आहेत. दहा दिवस उलटूनही त्रास कमी होत नाही. किंवा बरे वाटू लागल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणे, ताप आणि घट्ट स्राव पुन्हा उसळतात. किंवा सुरुवातीलाच सलग तीन-चार दिवस १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास ताप, पुवासारखा स्राव आणि चेहऱ्याचे तीव्र दुखणे एकत्र असते. अँटिबायोटिकचा विचार अशा वेळी करायचा असतो. शेंबूड पिवळा झाला एवढ्यावरून करायचा नसतो.

सायनसचा जुनाट आजार म्हणायचा तर लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक काळ सलग हवीत, त्यांत नाक चोंदणे किंवा घट्ट स्राव यांपैकी एक तरी हवे, आणि दुर्बिणीच्या तपासणीत किंवा सी.टी. स्कॅनमध्ये त्याचा पुरावा दिसायला हवा. या जुनाट आजारात वास कमी होणे आणि नाक बंद राहणे ही मुख्य तक्रार असते. तीव्र वेदना त्या मानाने कमी आढळते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

आता आपल्या पत्रातील ज्या एका वाक्यापाशी मी थांबलो, त्याकडे येतो. प्रत्येक कोर्सनंतर दोन-तीन दिवसांत बरे वाटले, असे आपण लिहिता. मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा, एक झटका उपचार न केल्यास चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकतो आणि मग आपोआप शमतो. त्या तीन दिवसांत जे औषध घेतले असेल त्याला श्रेय मिळते. अँटिबायोटिक घेतले तर अँटिबायोटिकला, वाफ घेतली तर वाफेला. शिवाय अर्धशिशीत चेहऱ्याची ही नस चाळवली की तिच्याशी जोडलेल्या मज्जातंतूंमुळे नाकाचे अस्तर फुगते, नाकातून आणि डोळ्यांतून पाणी येते, आणि वाकल्यावर दुखणे वाढते. ही सारी लक्षणे पाहून रुग्णाची आणि अनेकदा डॉक्टरांचीही सायनस अशी समजूत होते. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या दुखण्याला सायनसची डोकेदुखी म्हटले गेले होते पण संसर्गाची चिन्हे नव्हती, अशा २९९१ जणांची तपासणी केली असता त्यांपैकी ८८ टक्के लोकांचे दुखणे मायग्रेनच्या प्रकारात बसले. एवढ्यावरून आपलेही तेच आहे असे मी म्हणत नाही, पण शस्त्रक्रियेपूर्वी या शक्यतेचा निकाल लागलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

एक्स-रेतील जाड अस्तराचा अर्थ फार मोठा लावू नये. साध्या सर्दीतही तसे दिसते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचे सी.टी. स्कॅन काढले तेव्हा २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये दोष दिसले होते. म्हणून स्कॅन काढायचाच असेल तर सर्दी नसताना, आणि शक्य झाल्यास दुर्बिणीने नाक पाहिल्यानंतर काढावा. नाकाचे हाड वाढले आहे हा आपल्याकडचा रूढ शब्दप्रयोग आहे, पण वाढलेले काही नसते. मधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो. असा झुकाव असंख्य लोकांना असतो आणि त्यांचा चेहरा दुखत नाही. श्वासच अडत असेल तर पडद्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ होतो, परंतु केवळ वेदनेसाठी ती केली तर पदरी निराशा येण्याचा संभव मोठा असतो.

आपले दोन उपाय आता स्वतःच आजार बनले असावेत अशी मला शंका आहे. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरले की औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा जास्त फुगते, आणि थेंबांवाचून नाक उघडत नाही. ते बंद करताना पहिला आठवडा जड जातो. एक नाकपुडी आधी सोडवावी, दुसरी नंतर, आणि मधल्या काळात लागणारा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. गोळ्यांचेही तसेच आहे. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक, आणि मिश्र, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधे असलेल्या, गोळ्या दहा दिवस किंवा अधिक, अशी तीन महिने घेतली गेली तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते. आपला रोजचा हलका दाब यातून आलेला असू शकतो. दोन्ही बाजूंना सारखा, पट्टा आवळल्यासारखा, नाकाच्या मुळाशी आणि गालांवर राहणारा दाब हा तणावाच्या डोकेदुखीचाच चेहऱ्यावरचा प्रकारही असतो, आणि त्यावर नाकाची नव्हे तर मज्जातंतू शांत करणाऱ्या औषधाची अल्प मात्रा उपयोगी पडते.

हळदीच्या धुळीचा वाटा नाही असे म्हणता येणार नाही. ती धूळ, बेदाण्याला देतात ती गंधकाची धुरी, पेटवलेल्या पाचटाचा धूर, हे सारे नाकाचे अस्तर चेतवतात. त्यातून शिंका, खाज आणि चोंदलेपण येते. मात्र तो संसर्ग नव्हे. पोती ओतताना नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क वापरावा.

आता मला सांगा: ठणक्याच्या दिवशी उजेड, आवाज किंवा वास सहन होतो का? मळमळते का? नाकातून येणारे पाणी स्वच्छ असते की घट्ट आणि दुर्गंधीयुक्त? वास येण्यात फरक पडला आहे का? पाळीशी, उपवासाशी किंवा जागरणाशी काही संबंध दिसतो का? घरात कोणाला अर्धशिशी होती का?

कृष्णाकाठ, सांगली

डॉक्टर, आपण एवढा वेळ देऊन लिहिले याबद्दल मनापासून आभार. काका, आपल्या दोन दाढांची हकीकत वाचून फार वाईट वाटले आणि सावधही झाले.

प्रश्नांची उत्तरे देते. ठणक्याच्या दिवशी मी खिडक्या लावून अंधारात पडून राहते. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळून येते. नाकातून येते ते स्वच्छ पाणीच असते, दुर्गंधी कधीच नव्हती. वास उत्तम येतो, किंबहुना त्या दिवशी तो जास्तच येतो. पाळीच्या आदल्या दिवशी आणि संकष्टीला त्रास हमखास होतो. चंद्रोदयापर्यंत पोटात काही नसते हे कारण असेल असे मला आजवर सुचले नव्हते. माझ्या आईला अर्धशिशी होती. ती कपाळावर सुंठ उगाळून लावायची आणि फडक्याने डोके आवळून बांधायची, हे लहानपणापासून पाहिले आहे, पण आपल्याला तेच असेल असे कधी वाटले नाही, कारण माझे डोके कमी आणि चेहरा जास्त दुखतो.

आणखी एक विचारायचे आहे. नाक मिठाच्या पाण्याने धुण्याचा सल्ला मला मिळाला आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, ते चालेल का? आणि सासूबाई रोज ओव्याची वाफ घ्यायला सांगतात, त्याने अपाय तर होत नाही ना?

वैद्यकनगरी, मिरज

बोअरचे किंवा नळाचे पाणी जसेच्या तसे नाकात कधीही घालू नये. अशा पाण्यात क्वचित एक अमिबा असतो, जो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीवघेणा संसर्ग करतो. तेच पाणी प्यायल्याने तो होत नाही. पाणी खळखळ उकळून झाकून गार करावे. साधारण २४० मिलिलिटर पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, आणि भांडे किंवा बाटली रोज धुऊन कोरडी करावी. यार्डातून आल्यावर असे नाक धुतले तर धूळ निघून जाईल.

वाफेने थोडा वेळ बरे वाटते, पण तिने आजार बरा होत नाही. घ्यायचीच असेल तर गरम पाण्याचे पातेले मांडीवर किंवा डळमळत्या स्टुलावर ठेवू नये. त्यातून भाजल्याची, विशेषतः लहान मुले भाजल्याची उदाहरणे दरवर्षी पाहावी लागतात.

आपल्या उत्तरांवरून अर्धशिशीची शक्यता बळावली आहे. फिजिशियन किंवा मेंदूरोगतज्ज्ञांना दाखवावे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत, त्यांच्या देखरेखीखाली सोडवाव्यात.

दंतवैद्य, कराड

ताई, दाढ आणि जबडा या दोन गोष्टींबद्दल मी लिहिते, कारण चेहऱ्याच्या दुखण्यात दातांची तपासणी सर्वांत शेवटी होते आणि ती खरे म्हणजे सुरुवातीलाच व्हायला हवी.

गार पाण्याने आलेली कळ पाणी गिळताच थांबत असेल तर बहुधा दाताचे आवरण झिजले आहे किंवा हिरडी खाली सरकली आहे. ती कळ काही मिनिटे रेंगाळत असेल, गरम पदार्थानेही येत असेल आणि रात्री आडवे झाल्यावर ठणका लागत असेल, तर आतल्या नसेला सूज आहे आणि रूट कॅनॉलची वेळ आली आहे. चावताना, विशेषतः चावून दाब सोडताना, टोचल्यासारखी कळ आली तर दाढेला तडा गेलेला असू शकतो. असा तडा एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. सायनसमध्ये स्राव भरला की एका बाजूचे वरचे तीन-चार दात एकत्र ठणकतात आणि वाकल्यावर किंवा जिना उतरताना ते जास्त जाणवते. एकच दात ठोकल्यावर दुखत असेल तर दोष त्या दातात असतो.

उलटही घडते. वरच्या दाढांची मुळे गालाच्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, काहींची तर फक्त पातळ अस्तराने वेगळी झालेली असतात. किडलेल्या दाढेचा पू त्या पोकळीत उतरला की एकाच बाजूचा सायनस भरतो, एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येतो, आणि दाढेवर उपचार होईपर्यंत कितीही कोर्स केले तरी तो पुन्हा पुन्हा उलटतो. आपल्याला दुर्गंधी नाही हे चांगले चिन्ह आहे, तरीही त्या दाढेचा एक छोटा एक्स-रे काढून घ्यावा.

सकाळी जबडा आखडणे हे झोपेत दात खाण्याचे लक्षण असू शकते. कानाच्या पुढे बोटे ठेवून तोंड उघडून पाहावे; कट असा आवाज येत असेल, तेथे किंवा कानशिलावर दाबल्यावर दुखत असेल, तर जबड्याच्या सांध्याचा आणि चावण्याच्या स्नायूंचा त्रास आहे. काही दिवस मऊ अन्न, ओलसर गरम शेक, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार, आणि गरज पडल्यास रात्री दातांवर बसवायची पट्टी, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. सुपारी मात्र सोडावी लागते. सुपारी आणि गुटख्याने तोंडाचे अस्तर कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर त्याच आठवड्यात दाखवावे.

येथे येणाऱ्या अनेक मावश्या आणि आज्या मिश्री लावतात, म्हणून हेही लिहिते. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसताना हललेला दात किंवा गालाला आलेला बधिरपणा, यांत दुखत नसले तरी थांबू नये.

येरळाकाठ, पलूस

सर्व वाचले, आणि बधिरपणा हा शब्द आला म्हणून लिहितो. २०२१ च्या मे महिन्यात माझ्या वडिलांना कोरोना होऊन गेला. त्यांना मधुमेह होता आणि उपचारात स्टेरॉइड दिलेले होते. घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी डावा गाल जड झाला, वरचे दात दुखू लागले आणि दोन दात हलू लागले. आम्ही दातांचेच दुखणे समजून लवंगेचे तेल लावत राहिलो. चौथ्या दिवशी ते म्हणाले की गालाला हात लावलेला कळत नाही. त्या संध्याकाळी डोळ्याभोवती सूज आली आणि एकाचे दोन दिसू लागले. तो म्युकरमायकोसिस होता, ज्याला त्या वेळी सगळे काळी बुरशी म्हणत होते. अँफोटेरिसिनची इंजेक्शने आणि वरच्या जबड्याचा अर्धा भाग काढण्याची शस्त्रक्रिया, यांतून ते वाचले. आज ते कृत्रिम टाळू लावून जेवतात आणि शेतावर जातात.

ते चार दिवस आम्ही घालवायला नको होते, ही गोष्ट मला अजून छळते. ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे त्यांनी कृपा करून लक्षात ठेवावे: गाल बधिर होणे, डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, नाकातून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव, टाळूवर काळा डाग, यांपैकी एक जरी दिसले तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. कोरोनाची साथ ओसरली तरी हा आजार संपलेला नाही.

वैद्यकनगरी, मिरज

येरळाकाठ, आपण हे लिहिले हे फार मोलाचे आहे. त्याला जोडून, वाट न पाहण्याची आणखी काही चिन्हे सांगतो. डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, दिव्याभोवती वलये आणि उलटी हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. कपाळाच्या किंवा गालाच्या एकाच बाजूला आग होऊन दोन-तीन दिवसांनी पाण्याचे फोड उठले तर ती नागीण असते, आणि फोड नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला धोका असतो. तिचे औषध फोड आल्यापासून तीन दिवसांत सुरू झाले तर उपयोग जास्त होतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाचे कानशील नव्याने दुखू लागले, चावताना जबडा थकू लागला आणि दृष्टी अंधूक झाली तर तातडी समजावी. तापाबरोबर मान ताठ होणे किंवा भुवईवर सूज येणे हेही तसेच. एकाच बाजूचे नाक चोंदून त्यातून वारंवार रक्त येत असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये.

कृष्णाकाठ, सांगली

सात आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. मधल्या काळात मी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे एका वहीत रोज दुखण्याची वेळ, जागा, जेवण, झोप आणि गोळ्या लिहून ठेवल्या. सर्दी नसताना दुर्बिणीने नाक पाहिले आणि सी.टी. स्कॅन काढला. सायनस स्वच्छ आहेत. पडदा थोडा झुकलेला आहे, पण श्वास अडण्याइतका नाही. शस्त्रक्रियेचा विषय थांबला.

मेंदूरोगतज्ज्ञांनी वही पाहून अर्धशिशीचे निदान केले आणि गोळ्यांच्या अतिवापराचीही भर पडली असल्याचे सांगितले. गोळ्या आणि थेंब सोडवण्याचे पहिले दहा दिवस फार कठीण गेले. नाक पूर्ण बंद होते, रात्री उशी उंच करून बसून काढल्या आणि दोन वेळा ठणका नेहमीपेक्षा जोरात आला. त्यानंतर रोजचा दाब हळूहळू उतरला. आता झटका सुरू होताच घ्यायचे वेगळे औषध दिले आहे आणि रोज रात्री एक प्रतिबंधक गोळी आहे. गेल्या महिन्यात ठणक्याचे दिवस दोन आले. संकष्टीचा उपवास मी सोडलेला नाही, पण सकाळी आणि दुपारी दूध व फळे वेळेवर घेते. या वेळी त्या दिवशी दुखले नाही.

दाढेला कीड होती, आवरणापुरतीच; ती भरून घेतली. जबड्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पट्टी बसवून तीन आठवडे झाले तरी सकाळी कानापुढे दुखते, म्हणून पुढच्या सोमवारी पुन्हा दाखवायचे आहे. कराडच्या ताईंना विचारायचे होते की पट्टीचा गुण यायला साधारण किती काळ द्यावा?

दंतवैद्य, कराड

पट्टी नीट बसलेली असेल तर सहा ते आठ आठवडे द्यावेत. सोमवारी जाताना ती सोबत न्या आणि तिच्यावर दातांचे ठसे कोठे उमटले आहेत ते दाखवा; एकाच बाजूला जास्त दाब येत असेल तर तेवढा भाग घासून द्यावा लागतो. हिशेब लिहिताना दात एकमेकांवर दाबलेले राहतात का, याकडेही आठवडाभर लक्ष ठेवा. ओठ मिटलेले असावेत, दात सुटे असावेत आणि जीभ टाळूला टेकलेली असावी.

कृष्णाकाठ, सांगली

आजच सौद्याची वही लिहिताना पाहिले. दात घट्ट दाबलेलेच होते. सोमवारी सांगते.